टोकन संपलं, पण माझा अर्ज का संपवता?

मंडळी, लॉगिन केलं की सर्व्हर आपल्या हातात एक टोकन ठेवतो. बसचा पासच म्हणा ना! त्याला मुदत असते, कारण चोरीला गेलं तर थोडक्यात निभावावं. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण मुदत संपली म्हणून एखाद्या आजोबांनी अर्धा तास एका बोटाने टाइप केलेला अर्ज केरात टाकायचा? विचारलं तर उत्तर ठरलेलं... सिक्युरिटी! कसली डोंबलाची सिक्युरिटी?

ओऑथ २.० मध्ये रिफ्रेश टोकन याचसाठी आहे. २०१२ सालच्या आरएफसी ६७५० मध्ये स्वच्छ लिहिलंय: टोकन संपलं तर ४०१ आणि 'इनव्हॅलिड टोकन' पाठवा, क्लायंट नवं टोकन घेऊन तीच विनंती पुन्हा करू शकतो. आजोबांना पत्ताही लागत नाही. पण आमचे वीर पाठवणार ४०३, म्हणजे 'तुम्हाला परवानगीच नाही'. किंवा त्याहून भारी, २०० ओके आणि पोटात एरर! क्लायंटने ओळखायचं तरी कसं?

रिफ्रेश टोकनही संपलं असेल तर मागा की खुशाल पासवर्ड. पण आधी लिहिलेलं जपून ठेवा, आणि लॉगिननंतर माणसाला त्याच पानावर आणून सोडा.