सिंह, कोकरू आणि पातशाही

सुरतेचा इतिहास म्हटला की वखारी, जर आणि १६६४ची शिवाजी महाराजांची लूट एवढेच आठवते. सुरतेच्या वाटेने चित्रेही आत आली, हे सहसा लक्षात येत नाही. नोव्हेंबर १५७९मध्ये गोव्याहून निघालेले रुडोल्फ अक्वाव्हिव्हा आदी तीन जेझुइट पाद्री दमण-सुरत करत, पुढे मांडू, ग्वाल्हेरमार्गे फेब्रुवारी १५८०अखेर फत्तेपूर सिक्रीला पोचले. अकबराला नजर करायला त्यांनी अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातले बहुभाषी बायबल नेले होते. अकबराने ते खंड आदराने मस्तकी धरले.

पहिल्याच खंडाच्या मुखपृष्ठावर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र आहे. खांबांच्या भव्य कमानीत सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीशी उभे आहेत. प्रसंग बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतला. हिंस्र पशू हिंसा सोडेल, तोच खरा धर्मराज्याचा काळ, असा त्याचा बोध. मात्र कोकराला नखे फुटलेली नाहीत. बदलायचे आहे ते सिंहाने. चित्राची सारी नैतिक धार इथेच आहे.

आता हे बायबल छापवणारा कोण? स्पेनचा राजा दुसरा फिलिप. शेवटचा खंड निघाला १५७२मध्ये, आणि चारच वर्षांत त्याच्याच पगार थकलेल्या सैन्याने अँटवर्प लुटले. तेव्हा राजाश्रयाने छापलेल्या शांतीकडे जरा सावधपणेच पाहावे.

मोगल चित्रकारांना सिंह-कोकराची ही कल्पना परकी वाटली नसावी. न्यायी राजाच्या राज्यात वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात, हे आपल्याकडेही सांगतातच. पण दरबारात आल्यावर चित्रातला देव मागे पडला आणि पातशहा पुढे आला. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात मोगल दरबारी चित्रकार अबुल हसनचे सुमारे १६१८चे चित्र आहे. पृथ्वीच्या गोलावर अकबराचा मुलगा जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे. जहांगीरच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली कोकरू. वरवर सलोखा, नीट पाहिले तर सिंह ऐसपैस पसरून कोकराला इराणच्याही पलीकडे रेटतो आहे. गव्हाण तर चित्रातून गायबच आहे. बायबलमध्ये सिंहाला घातलेली अट इथे कोकराच्या गळ्यात पडली. आमच्या मते, हा अर्थाचा विस्तार नव्हे, अपहारच आहे.

जहांगीर आणि अब्बास प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. १६२२मध्ये अब्बासने कंदाहार मोगलांकडून हिसकावून घेतले.