पिकअप गाडी, वारा आणि डिझेल

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून सायंकाळी भरून निघालेल्या पिकअप गाड्या रातोरात वाशीच्या बाजाराकडे जातात. क्रेट भरताना, दोर आवळताना आणि चहा घेताना चर्चा होते ती दोनच गोष्टींची, टोमॅटोच्या भावाची आणि डिझेलच्या भावाची. यांपैकी एकही भाव शेतकऱ्याच्या हाती नाही. गाडी किती डिझेल पिते हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या किंवा त्याच्या चालकाच्या हाती असते, आणि नेमकी हीच बाब दुर्लक्षित राहते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलावे, टायरमध्ये हवा पुरेशी असावी, हे आता बहुतेकांस ठाऊक झाले आहे. गाडीच्या बाहेरच्या हवेचा विचार अद्याप कोणी करीत नाही.

हवा दिसत नाही म्हणून ती हलकी वाटते. परंतु ती बाजूस सारल्यावाचून गाडीस पुढे जाता येत नाही आणि त्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडीचा समोरचा भाग सुमारे पावणेतीन चौरस मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पिकअपला हवा साधारण २२ किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटते. वेग ८० केला की हाच जोर ४० किलोच्या आसपास जातो. केवळ हवा सारण्यासाठी ६० च्या वेगाला इंजिनाची जवळजवळ ५ अश्वशक्ती खर्ची पडते, तर ८० च्या वेगाला ११ हून अधिक. भरलेल्या गाडीच्या चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध दोन्ही वेगांत फारसा बदलत नाही. याचा अर्थ असा की ६० पर्यंत गाडी मुख्यतः मालाचे वजन ओढते आणि ८० ला ती वारा अधिक ओढू लागते. या वाढीव वेगाने शंभर किलोमीटरमागे २५ मिनिटे वाचतात. पहाटेचा बाजार गाठण्याची घाई खोटी नाही. उशिरा आलेल्या मालास भाव पडतो हे खरेच आहे. परंतु हीच २५ मिनिटे गाडी भरतानाच वाचविता आली तर ती फुकट मिळतात.

माळशेज घाटात मात्र हा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. चढावर आणि वळणावर वेग मुळातच कमी असतो. तेथे प्रश्न वजनाचा आणि ब्रेकचा. हवेचा हिशेब मोकळ्या महामार्गासाठी आहे.

माल टपाच्या वर चढविण्याची सवय या दृष्टीने फार महाग पडते. क्रेटची थप्पी चालकाच्या केबिनपेक्षा दोन फूट उंच गेली, तर वाऱ्यापुढे जवळजवळ एक चौरस मीटरची नवी भिंत उभी राहते. म्हणजे समोरचे क्षेत्र एक तृतीयांशाहून अधिक वाढले. शक्य तेथे थप्पी केबिनच्या उंचीतच बसवावी व पुढील क्रेट केबिनच्या पाठीला भिडवून ठेवावेत. ताडपत्री सैल राहिली तर ती फडफडते. त्या फडफडीस लागणारी शक्तीही इंजिनाकडूनच येते आणि ताडपत्री फाटते ते निराळेच. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. पालेभाजीवर प्लॅस्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळल्यास डिझेल थोडे वाचेल आणि भाजी उबून जाईल. अशा मालावर जाळीचे कापड ताणून बांधणे हाच योग्य मार्ग होय.

रिकामी गाडी परत येताना मागचा फाळका खाली सोडावा, म्हणजे वारा आरपार निघून जातो आणि डिझेल वाचते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. फाळका बंद असता हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा अडकून राहतो आणि टपावरून येणारा वारा त्या भोवऱ्यावरून घसरत मागे निघून जातो. फाळका उघडला की हा भोवरा मोडतो व गाडीमागील ओढ वाढते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील केविन कूपर यांनी पवनबोगद्यातील चाचण्यांवरून २००४ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच फाळका वर ठेवण्याचा सल्ला होता. त्या चाचण्या अमेरिकी धाटणीच्या गाड्यांवर झाल्या होत्या. आपल्याकडील काही गाड्यांचा हौदा लांब आणि बाजू बुटक्या असतात. म्हणून तेथील आकडे जसेच्या तसे येथे लावू नयेत. तरीही फाळका सोडून लाभ होईल अशी अपेक्षा धरण्यास काहीच आधार नाही. लोंबत्या फाळक्यामुळे मागील दिवे व क्रमांकाची पाटी झाकली जाते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवास धोका होतो, एवढे कारणही पुरेसे आहे. रिकाम्या हौद्यावर ताडपत्री सपाट ताणून बांधल्यास मात्र थोडा लाभ होतो.

आता ज्या एका वस्तूकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते तिच्याविषयी. अनेक गाड्यांना पुढील बंपरच्या खाली काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी कारखान्यातूनच बसविलेली असते. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या उतारावर ती घासते. एक बाजू तुटून लोंबू लागली की मालक ती उपटून टाकतो. इंजिनास तिचा काही संबंध नाही, ती केवळ शोभेची, असे गावचा मिस्त्रीही सांगतो. वस्तुतः ती दोन कामे करते. पहिले असे की गाडीच्या पोटाखालचा भाग खडबडीत असतो. तेथे आक्रे, नळ्या, दांडे यांवर आपटणारा वारा ती कमी करते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. समोरच्या जाळीतून आत शिरलेली हवा आधी वातानुकूलन यंत्राच्या कंडेन्सरमधून आणि मग रेडिएटरमधून जाते व इंजिनाच्या खालून बाहेर पडते. बाहेर पडावयास वाट असेल तरच नवी हवा आत येणार. चुलीचे धुराडे बुजले असता पुढून कितीही फुंकले तरी धूर घरातच कोंडतो, तसाच हा प्रकार आहे. धावत्या गाडीत ही पट्टी आपल्या मागे कमी दाबाची जागा निर्माण करते आणि इंजिनाकडील तप्त हवा खाली खेचून घेते. पट्टी काढली की खालून वेगाने जाणारा वारा इंजिनाच्या पोकळीत दाब वाढवितो, जाळीतून येणारी हवा मंदावते, कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसरला अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागते. मग चालक तक्रार करतो की महामार्गावर केबिन थंड होत नाही. मिस्त्री गॅस भरून देतो. गॅस मुळात कमी नसेल तर जादा गॅसने दाब आणखी चढतो आणि तक्रार वाढते. गॅस भरण्याचा खर्च करण्यापूर्वी बंपरखाली वाकून पाहणे हे शहाणपणाचे ठरेल.

समोरून हवा अडविणाऱ्या वस्तूंचीही कमतरता नसते. किडे आत जाऊ नयेत म्हणून जाळीवर बांधलेले शेडनेटचे कापड, जादा दिव्यांची रांग, नावाच्या मोठ्या पाट्या आणि लोखंडी नळ्यांचे कुंपण. लिंबू-मिरचीने वारा अडत नाही, तिला राहू द्यावे. लोखंडी कुंपणाबाबत मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा तो भंग ठरतो. कापसाची गाडी असेल तर कंडेन्सरच्या पापुद्र्यांत कापसाचे तंतू बसतात, उसाच्या शिवारात पाचटाचा भुगा बसतो. हंगामात दर पंधरवड्याने इंजिन थंड असता साध्या नळाच्या पाण्याने ते धुवावेत. धुलाई केंद्रावरील जोरदार फवारा जवळून मारल्यास नाजूक पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पिकअपला वातानुकूलन हवेच कशाला, असा प्रश्न जुनी माणसे विचारतात. बैलगाडी हाकणाऱ्यास कधी गारवा मिळाला नाही हे खरे. पण बैलगाडी ८० च्या वेगाने धावत नव्हती आणि बैल झोपलेल्या मालकालाही घरी आणीत. वैशाखात दुपारी इंजिनाच्या उष्णतेशेजारी चार-पाच तास बसलेल्या चालकाचे लक्ष शिथिल होते, आणि तो चालक बहुधा घरचाच मुलगा असतो. कॉम्प्रेसर चालू असताना साधारणतः दोन ते चार अश्वशक्ती घेतो, हा खर्च नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वर सांगितल्याप्रमाणे वेग ८० वरून ६० वर आणल्याने याहून अधिक शक्ती वाचते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्लाही उपयुक्त आहे: कमी वेगात काचा खाली घ्याव्यात, महामार्गाच्या वेगात काचा बंद करून यंत्र चालवावे. उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर प्रथम काही मिनिटे काचा उघड्या ठेवून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी, त्यानंतरच यंत्र लावावे आणि आतलीच हवा फिरती ठेवावी. बाजारसमितीच्या दारात रांगेत असताना मात्र गारव्यासाठी इंजिन चालू ठेवू नये. तासाभरात अर्धा ते एक लिटर डिझेल जागच्या जागी जळते. त्या वेळी झाडाची सावली उत्तम.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा सक्तीची झाली आहे. हा नियम साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाड्यांना लागू आहे. शेतमाल वाहणाऱ्या बहुसंख्य पिकअप या मर्यादेच्या आत येतात, म्हणून ज्या चालकाच्या हाती शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न असते तोच या नियमाच्या बाहेर राहिला आहे. ही मर्यादा खाली आणण्याचा विचार व्हावयास हवा. तोवर नवी गाडी घेताना चार पैसे अधिक देऊन यंत्रासहित घ्यावी की कसे, हे प्रत्येकाने आपल्या फेऱ्यांच्या वेळा व अंतरे पाहून ठरवावे. रात्रीच्याच फेऱ्या असणाऱ्यास कदाचित तिची निकड भासणार नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी गटाच्या पुढील बैठकीस गावातील दोन पिकअप बोलावून घ्याव्यात. त्यांपैकी एकीची तरी बंपरखालची पट्टी गेलेली आढळेल.