रक्ताच्या नात्यापलीकडचे निर्वासित

मिझोराममध्ये भात शिजायला टाकण्याआधी घरची बाई मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. या रिवाजाला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. मुष्टिफंडाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि सीमेवरची तिआउ नदी ओलांडून तिथल्या चिन समाजाची कुटुंबं मिझोराममध्ये येऊ लागली, तेव्हा याच सवयीची गावं आधी धावली. यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी आणि चर्चनी धान्य, कपडे, भांडी जमवली. बांबू रोवले, वर ताडपत्री ओढली, निवारे झाले.

मार्चमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाचं पत्र आलं. कोणालाही निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही, भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, ही त्यातली भूमिका. त्यावर मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं. चिन आणि मिझो एकाच रक्ताचे, त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ऑगस्टअखेर राज्याच्या शिक्षण खात्याने या निर्वासितांच्या मुलांना शाळेत घ्यायला सांगितलं. ताडपत्री गावाला देता येते. शाळेच्या पटावर नाव मात्र सरकारी आदेशानेच चढतं. २०११च्या जनगणनेत ११ लाखही लोकसंख्या नसलेल्या या राज्याने पुढे ३० हजारांहून अधिक माणसं सामावून घेतली.

हे कौतुकाचंच आहे. पण याच मिझोराममधून १९९७मध्ये ब्रू जमातीच्या हजारो लोकांना वांशिक हिंसाचारामुळे त्रिपुरात पळावं लागलं. वीस वर्षांहून जास्त काळ ती माणसं छावण्यांत राहिली. त्रिपुरातच त्यांचं पुनर्वसन करण्याचा करार व्हायला जानेवारी २०२० उजाडलं. ब्रू मिझोंच्या नात्यातले नव्हते. आपुलकीला जात, भाषा, धर्म दिसतो, म्हणून आसरा देणं निव्वळ समाजाच्या मायेवर सोडता येत नाही.

नातं नसतानाही हे जमतं, याची खूण कोल्हापूरजवळ वळिवड्याला आहे. सैबेरियाच्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३पासून तिथे राहिले. ब्रिटिश सरकार, कोल्हापूर संस्थान आणि लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार यांनी मिळून वसवलेल्या त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत. महायुद्धाच्या धामधुमीत, तुटवड्याच्या दिवसांत हे घडलं.

स्वतंत्र भारतात मात्र निर्वासितांसाठी आजही वेगळा कायदा नाही. शशी थरूर यांनी २०१५मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. निर्वासित कोणाला म्हणायचं, त्याची नोंद कोण करणार, मुलांची शाळा आणि दवाखान्याचा खर्च केंद्राने किती उचलायचा, एवढं तरी संसदेने लिहून द्यावं. मूठभर तांदूळ काढणाऱ्या घरांनी आपला वाटा केव्हाच उचलला आहे.