विश्लेषण : घर पाडले, तरी भाडेकरू सापडतात! ब्रिटनला जमते ते आपल्याला का नाही?

मँचेस्टरच्या ह्यूम भागातील कामगारांची रो-हाउस १९६० च्या दशकात बुलडोझरखाली गेली. त्या जागी १९७२ मध्ये भल्यामोठ्या अर्धवर्तुळाकार इमारती उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकात त्याही पाडल्या. म्हणजे एकच पत्ता दोनदा पुसला गेला. तरीही त्या पत्त्यावर १८८१ मध्ये कोण राहत होते, हे आज मोबाइलवर पाहता येते. नाव, वय, काम, जन्मगाव, सगळे.

हे कसे शक्य होते?

ब्रिटनमध्ये जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. १८४१ च्या नोंदीत प्रौढांचे वय पाचाच्या पटीत ‘राउंड ऑफ’ केलेले आहे. (इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलमधील आमची रीडिंग आठवली.) १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मस्थळही मिळते. भाडे आठवड्याचे, त्यामुळे बिऱ्हाडे सतत बदलत. एका नोंदीत सूतगिरणीतील कुटुंब, दहा वर्षांनी त्याच दारामागे आयर्लंडहून आलेले दुसरे आणि सोबत पोटभाडेकरू, असे चित्र सर्रास दिसते.

१९११ चा अर्ज मात्र वाचताना थांबायला होते. तो घरच्यांनीच भरलेला असतो, अक्षर त्यांचे. विवाहित स्त्रियांबाबत त्यात तीन रकाने होते : किती मुले जन्मली, किती हयात, किती गेली. विधवांनी ही माहिती देणे अपेक्षित नव्हते. अनेकींनी तरीही दिली. कारकुनांनी नियमाप्रमाणे त्यावर रेघ मारली, पण आकडे त्या रेघेखाली अजून वाचता येतात.

१९२१ च्या नोंदीत मालकाचे नावही आहे; ती जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. पुढे मोठे भगदाड आहे. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले, १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रांसाठी केलेली नोंदवही तेवढा आधार देते.

कागदांचा उपयोग काय, हे बर्मिंगहॅममध्ये दिसते. पाठीला पाठ लावून बांधलेल्या कामगारघरांचे एक आवार तिथे वाचले आणि २००४ पासून ते पाहता येते. घड्याळाचे काटे करणारा, काचेचे डोळे बनवणारा, कुलूपवाला आणि शेवटी सेंट किट्सहून आलेला शिंपी, अशी एकामागून एक राहिलेली माणसे तिथे भेटतात. शहरातील अशी बाकीची आवारे गेली. तिथली माणसे फक्त कागदावर उरली.

मग आपले काय?

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. यांपैकी वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलेच झाले, १६० चौरस फुटांच्या खोलीत राहण्यात रोमँटिक काही नाही. पण त्या खोलीत शंभर वर्षांत कोण कोण राहून गेले, हे सांगणारे कागद कुठे आहेत? भाडेपावती, रेशनकार्ड, वीजबिल घरच्या ट्रंकेत असतात आणि पात्रता ठरेपर्यंतच जपले जातात. जनगणनेची नोंद तर १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार कोणालाही पाहण्याचा हक्क नाही. शंभर वर्षांनीही नाही, कारण त्यात मुदतच नाही.

गोपनीयता हवीच. २०२७ च्या गणनेत जातही विचारली जाणार, तेव्हा तर अधिकच. पण उत्तर देणारा गेल्यावर आणि त्याची नातवंडे म्हातारी झाल्यावरही कुलूप कोणासाठी? यंदा नोंद मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे, म्हणजे गोदाम, वाळवी, आग ही कारणे उरत नाहीत. कलम १५ मध्ये शंभर वर्षांची मुदत घालणारी दुरुस्ती लागेल आणि ती पहिला प्रगणक दार वाजवण्याआधी व्हायला हवी. माहिती देणाऱ्यालाही ती कधी उघडणार हे तेव्हाच कळायला हवे.