भाकीत करणारे निघून गेले, किंमत गावांनी मोजली

चाकणला सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये मोबाईल सुरू होतात. एक तज्ज्ञ सांगतो, युद्ध दोन आठवड्यांत आटोपणार. दुसरा म्हणतो, तिसरं महायुद्ध आलंच समजा. घरी दस्तरखानावर पुन्हा तीच चर्चा. विश्वास ठेवायचा कोणावर?

उत्तरासाठी लांब जायला नको. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात आपली कितीतरी कुटुंबं लातूर, धाराशिव, नांदेडकडून आलेली आहेत. त्यांच्या घरातले बुजुर्ग ज्याला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात, ते १९४८ चं प्रकरण तपासून पाहू.

तेव्हा हैदराबाद संस्थानात भाकितांना तोटा नव्हता. रझाकारांचे नेते कासिम रझवी हे लातूरचे वकील. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवू, अशी त्यांची भाषा होती. पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारची भिस्त संयुक्त राष्ट्रांवर होती. प्रत्यक्षात १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत शिरली आणि १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. सुरक्षा परिषदेत विषय निघाला १६ तारखेला, तोवर खेळ संपत आला होता.

चूक एकाच बाजूची नव्हती. भारताचे ब्रिटिश सरसेनापती जनरल रॉय बुचर यांनीही कारवाईच्या मोठ्या धोक्यांचे इशारे दिले होते. लढाई मात्र पाच दिवसांत संपली.

पण खरा प्रश्न लढाईनंतरचा होता. रझाकारांनी गावोगावी हिंदूंवर जुलूम केले होते, हे आपणही मान्य केलं पाहिजे. त्याचा सूड मात्र सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वात जास्त झळ बसली. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

आणि मोठमोठी भाकितं करणारे? लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटले आणि तेही तिकडेच गेले. गावं मागे राहिली. याउलट रझाकारांचा मार्ग चुकीचा आहे, भारतात सामील व्हा, असं लिहिणारे ‘इमरोज’ चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्येच खून झाला होता. ते आपल्यातलेच होते. पण त्यांचं ऐकणारे कमी पडले.

२००३ मध्ये इराकचंही असंच झालं. आमच्या फौजांचं स्वागत होईल, असं अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी म्हणाले. देश ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असं लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सांगितलं, तर त्यांना वेड्यात काढलं गेलं. बगदाद तीन आठवड्यांत पडलं, पण सैन्य २०११ पर्यंत अडकून राहिलं. इराकी माणसं मेली ती लाखांच्या घरात.

म्हणून कोणत्याही तज्ज्ञाला ऐकताना मुलांसोबत तीन प्रश्न विचारा. मागच्या वेळी हे काय म्हणाले होते, आणि तसं झालं का? ते फक्त जिंकण्याबद्दल बोलतात, की नंतर तिथल्या माणसांचं काय होणार तेही सांगतात? अंदाज चुकला तर त्यांचं काय नुकसान होणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर जरा थांबा.

मे २०२५ मध्ये आपल्याच काही टीव्ही चॅनेलनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं रात्रभर सांगितलं. ते खोटं निघालं. किती जणांनी माफी मागितली? सूरह हुजुरात बातमीची शहानिशा करायला सांगते, नाहीतर नकळत कोणाचं तरी नुकसान करून पस्तावाल, असा इशारा देते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळ. आणि घरात कोणी बुजुर्ग असतील, तर त्यांच्याकडून १९४८ ऐकून घ्या. ते सांगणारे आता फार थोडे उरलेत.