कॅरम, कासव आणि न्यूटन

'खेळता खेळता शिका' अशी जाहिरात केलेले संगणकाचे खेळ हल्ली पुष्कळ शाळांतून दिसतात. असाच एक खेळ मी मध्यंतरी पाहिला. पडद्यावर मोटार धावते, मध्येच फाटक आडवे येते आणि विचारते, 'बलाचे एकक कोणते?' 'न्यूटन'वर बोट ठेवले की फाटक उघडते. खेळणारा मुलगा प्रश्न न वाचताच चारही उत्तरांवर भराभर बोट आपटीत होता. मला त्याचा राग आला नाही. बलाच्या एककाऐवजी पानिपतच्या लढाईचे साल विचारले असते, तरी मोटार तशीच धावली असती! खेळ एकीकडे, अभ्यास दुसरीकडे. अभ्यास म्हणजे नुसता जकात नाका. याला शैक्षणिक खेळ म्हणणे मला मान्य नाही.

मग खेळातच शिक्षण असते म्हणजे काय? आमच्या मानखुर्दच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी कॅरमभोवती जमलेली मुले पाहा. स्ट्रायकर कडेवर कोणत्या कोनात मारला म्हणजे परत येऊन सोंगटीला लागेल, हे त्यांना कोनमापकाशिवाय उमगते. नेम चुकला तर सोंगटीच ते सांगते. गुरुजी लागत नाहीत. परंतु हाच कॅरम एक चुकीचा धडाही देतो. बोरिक पावडर कितीही टाका, स्ट्रायकर अखेर थांबतोच. त्यामुळे 'वस्तू चालत राहायला बल लागतेच' ही ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची समजूत पक्की होते. न्यूटनचे नियम घडाघडा म्हणणारे माझे महाविद्यालयीन विद्यार्थीसुद्धा तिच्यातून सुटलेले नसतात. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्यावर बल कोणत्या दिशेने असते, असे विचारून पाहा. (हवेचा रोध सोडून द्या.) बरेच जण 'वर' म्हणतील!

येथे संगणकाचा खरा उपयोग आहे. घर्षण नसलेले जग तो पडद्यावर सहज उभे करतो. १९६७ साली सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात पुढे आलेले कासव आज्ञा दिल्याप्रमाणे पडद्यावर रेघा काढत चालते. एम.आय.टी.मधील अँड्रिया डिसेसा यांनी या कासवाला न्यूटनचे नियम लावले. ते टोला दिला की चालू लागते आणि पुन्हा टोला देईपर्यंत त्याच वेगाने, सरळ रेषेत चालत राहते. या कासवाला लक्ष्यावर न्यायचे, एवढाच खेळ.

समजा, कासव वर चालले आहे आणि लक्ष्य बरोबर उजवीकडे आले. मुलगा त्याला उजवीकडे वळवून टोला देतो. पण कासव जाते तिरपे, कारण वरच्या दिशेचा वेग तसाच शिल्लक असतो. आधी उलट दिशेने टोला देऊन तो वेग संपवायला हवा. डिसेसा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या मुलांची ही फसगत नोंदवली आहे. एम.आय.टी.तील विद्यार्थिनीच्या खेळातही त्यांना तिचे प्रतिबिंब दिसले. या खेळात प्रश्न विचारणारे फाटक नाही. चुकीची कल्पना घेऊन खेळणारा हरतो, आणि का हरलो ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

तेव्हा असा खेळ रचणाऱ्याला आधी मुले कोठे चुकतात ते ठाऊक हवे. चित्रे आणि संगीत नंतरचे. १९७४ साली स्थापन झालेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दलाच आहे आणि विद्यार्थ्यांच्या अशा कल्पनांचा अभ्यास हे तेथील एक काम आहे. केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेला असा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. निर्देशचौकट ही त्या वस्तूएवढीच असते, अशी अनेक विद्यार्थ्यांची कल्पना त्यात आढळली. म्हणजे लोकलची निर्देशचौकट जणू डब्याच्या दारापाशी संपते! यावर हार्बर लाइनचा एक झकास खेळ होईल. खेळ बनवणाऱ्यांनी असे संशोधन वाचायला नको का?

बरे, खर्च फार येतो असेही नाही. १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरल्यानंतर काही महिन्यांतच, जिम स्टोरर या अमेरिकन शाळकरी मुलाने चांद्रयान उतरवण्याचा खेळ लिहिला. दर दहा सेकंदांना किती इंधन जाळायचे ते खेळणाऱ्याने सांगायचे. चित्र एकही नाही, नुसते आकडे.

शाळेत संगणक नसेल तर आलेखाचा कागद घ्या. एक ठिपका स्थिर आहे. प्रत्येक खेळीत तो मागच्या खेळीइतकीच घरे पुढे जाईल. तुम्ही त्यात फार तर एका घराची वाढ किंवा घट करायची. सोळा घरांवर खूण करा आणि ठिपका तेथे नेऊन थांबवा. सातव्या खेळीत खुणेवर पोहोचून आठव्या खेळीत वेग शून्य करता येतो. तुमच्या मित्राचा ठिपका पहिल्या प्रयत्नात खुणेपलीकडे किती घरे जातो, ते मोजा.