उन्हाळ्यातला स्वतःचा तास

मराठी ललित गद्यात उन्हाळा म्हटला की आजोळ, अंगण, आंब्याची अढी आणि माळ्यावर सापडलेले जुने पुस्तक, एवढी सामग्री ठरलेली असते. त्या उन्हाळ्याशी आमचे वैर नाही. तो वाचतच आम्ही मोठे झालो. मात्र पालघर-बोईसरच्या उकाड्यात तो पुन्हा वाचू लागलो की एक प्रश्न अस्वस्थ करतो. ज्याला सुट्टीच नाही, त्याच्या उन्हाळ्याला आपल्या वाङ्मयात जागा कोणती?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरचा दिवस पाळ्यांत वाटला गेला. रात्रपाळी करून आलेल्याची दुपार झोपेत जाते. त्याचे वाचन घडते ते पाळीपूर्वीच्या तासाभरात, नाहीतर गाडीत. २०१३ साली विरार-डहाणू उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून या पट्ट्याचे खरे वाचनालय म्हणजे खिडकीजवळची जागा, असे आम्ही थट्टेने म्हणतो. वैतरणेचा पूल आला की पुस्तक मिटून पाण्याकडे पाहावे, सफाळे गेले की पुन्हा उघडावे. घरी परतताना स्थानकाबाहेर पानात बांधून दिलेले ताडगोळे घ्यावेत. एवढेच सुख, पण ते कमावलेले असते.

खेळ पाहण्याचेही तसेच. पालघरचा शार्दूल ठाकूर उमेदवारीच्या काळात याच लोहमार्गाने मुंबईची मैदाने गाठत असे. ६ एप्रिल २०२३ रोजी ईडन गार्डन्सवर त्याने २९ चेंडूंत ६८ धावा केल्या, तेव्हा ती खेळी साऱ्या देशाने पाहिली. परंतु पहाटेच्या गर्दीत खांद्यावरचे ओझे सावरत ज्याने हा प्रवास केला आहे, त्याने तिच्यात आणखी काही पाहिले. वाचकाचे जगणे संहितेत अर्थ भरते, हे आपण वर्गात सिद्धान्त म्हणून शिकवतो; इथे ते चहाच्या टपरीवर, मोबाईलभोवती जमलेल्या घोळक्यात घडते.

या भूमीला साहित्य नाही असे मुळीच नव्हे. राजवाड्यांनी १९२४ साली संपादिलेली ‘महिकावतीची बखर’ केळवे-माहीमच्या परिसराशी जोडलेली आहे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ इथल्याच वारली उठावाचे आहे. एकात इतिहास आहे, दुसऱ्यात संघर्ष. कष्टकऱ्याचे साधे सुख मात्र आपल्याला लेखनाचा विषय वाटत नाही. ते लिहिले तर त्याचे दुःख उणे होईल, अशी एक भीती आपल्या समीक्षेत दडलेली आहे.

आमच्या मते ही भीती चुकीची आहे. १९४५ च्या उठावाचा रोख वेठबिगारीवर होता, आणि वेठ म्हणजे काय, तर माणसाच्या वेळेवर दुसऱ्याची मालकी. ती मोडली तेव्हा मजुरीइतकाच स्वतःच्या तासांचा प्रश्न सुटू लागला. म्हणून आपल्या मर्जीने घालवलेली एक दुपार ही किरकोळ गोष्ट नव्हे. त्या लढ्याचे ते एक फलित आहे.

अर्थात इथे एक अडचण आहेच. आम्ही ताडगोळे खातो, तेव्हा ते सोलून देणारी बाई उन्हातच बसलेली असते. आमचा विसावा तिच्या कामाच्या वेळेवर उभा आहे. सुखाचे लेखन हे विसरले की ते पुन्हा अंगणातल्या अढीपाशी येऊन थांबते. हे भान ठेवून लिहिणे अवघड आहे. पण ललित निबंधाने अवघड काही करूच नये, असा नियम कुठे आहे?

असो. शिक्षक मित्रांना एवढीच विनंती की, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’ हा विषय यंदा फळ्यावर लिहू नये. ‘उन्हाळ्यातला माझा स्वतःचा एक तास’ असा विषय द्यावा. काही वह्या कोऱ्या येतील. त्या कोऱ्या वह्यांवरही वर्गात बोलावे.